पिल्लांना जामीन कोण?

पाळीव सशांची जोडी घरात आणताना किंमत, पिंजरा आणि गाजरं यांपलीकडे फारशी बोलणी होत नाहीत. जोडी आहे म्हणजे पिल्लं होणार, हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असतं. किंबहुना पुष्कळदा त्यासाठीच जोडी आणलेली असते. ती पिल्लं पुढची आठ-दहा वर्षं कुठे राहतील, हा प्रश्न मात्र ती जन्मल्यावर, पिंजऱ्यात दाटी झाल्यावर आणि घरात वास येऊ लागल्यावर निघतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो जातो, 'फुकट द्यायची आहेत' असं खाली लिहिलं जातं आणि जो आधी हो म्हणेल त्याच्या हाती खोकं सोपवलं जातं. पाळीव सशांच्या हालांचं मोठं मूळ या उलट्या क्रमात आहे, असं मला वाटतं. एखाद्याच्या कर्जाला जामीन राहणारा माणूस सही करण्याआधी दहादा विचार करतो, कारण घेणाऱ्याने पैसे बुडवले तर आपल्याला भरावे लागतील, हे त्याला माहीत असतं. घरात नर आणि मादी एकत्र ठेवणाराही अशीच सही करत असतो. जन्माला येणाऱ्या प्रत्येक पिल्लाच्या अख्ख्या आयुष्याला तो जामीन राहतो. दुसऱ्याने सांभाळलं नाही तर ते पिल्लू, मोठं झालेलं असो की आजारी, आपल्याकडे परत येईल आणि आपण ते ठेवून घेऊ, एवढी तयारी असेल तर पिल्लं होऊ द्यावीत. नसेल तर होऊ देऊ नयेत. ही अट लावली तर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी सशांची पैदास करू नये, या निष्कर्षापाशी आपण येतो. तो कठोर वाटेल, पण सशाचं शरीर कसं चालतं हे नीट पाहिलं की त्याला पर्याय उरत नाही.

कुत्री ठरावीक काळाने माजावर येते, आणि दक्ष मालकाला तेवढे दिवस सांभाळता येतात. सशाच्या मादीचं तसं नाही. ती जवळजवळ कधीही नराला जवळ येऊ देते, आणि तिचं बीज नराचा संग झाल्यानंतर साधारण दहा तासांनी सुटतं. म्हणजे संग हेच बीज सुटायचं कारण. अमुक दिवस सुरक्षित असा हिशेबच करता येत नाही. गर्भ महिनाभराचा, ३० ते ३२ दिवसांचा. आणि जे बहुतेकांना सर्वांत उशिरा कळतं ते असं, की मादी व्याली त्याच दिवशी, काही तासांच्या आत, पुन्हा गाभण राहू शकते. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर पहिल्या वेताची पिल्लं दूध पीत असतानाच दुसरं वेत पोटात वाढू लागतं. लहान चणीचे ससे चौथ्या महिन्याच्या आसपास वयात येतात, तेव्हा तोवर वेगळे न केलेले भाऊ-बहीणही एकमेकांपासून पिल्लं देऊ लागतात. त्यात दुकानातून आणलेल्या कोवळ्या पिल्लांचं लिंग ओळखणं अवघड. नराची वृषणं खाली उतरायला दहा-बारा आठवडे लागतात, आणि विक्री त्याच्या पुष्कळ आधी होते. 'दोन्ही माद्याच आहेत' असं सांगून दिलेल्या जोडीत एक नर निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एका वेतात सहा पिल्लं झाली असं धरू, आणि नीट ठेवलेला ससा दहा वर्षं जगतो असं मानू. एका वेताने मालकाच्या नावावर साठ वर्षांची देखभाल लिहिली जाते. वर्षात अशी चार वेतं झाली, आणि जोडी एकत्र ठेवली तर ती सहज होतात, की हा आकडा दोनशे चाळीसवर जातो. जोडी विकत घेताना हा हिशेब कुणी मांडत नाही, कारण समोर असतात ती मुठीत मावणारी दोन पिल्लं.

पिल्लांचा जन्म जवळून पाहण्यासारखा असतो, आणि तिथेच घरगुती पैदाशीतला पहिला अपघात घडतो. व्यायला टेकलेली मादी तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेऊ लागते. मग गळ्याखालचे आणि पोटावरचे स्वतःचे केस दातांनी उपटते आणि गवतावर पसरते. या उपटण्यातून दोन कामं होतात: घरटं उबदार होतं आणि पिल्लांना आचळं सापडतात. पिल्लं जन्मतात ती उघडी, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची, मध्यम जातीत जेमतेम पन्नास ग्रॅमची. एकमेकांना बिलगून केसांच्या थराखाली ती पडून असतात, आणि मादी तिथून उठून लांब जाऊन बसते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुधा पहाटे किंवा रात्री ती घरट्यात उतरते, तीन ते पाच मिनिटं दूध पाजते आणि पुन्हा निघून जाते. बिळात पिल्लं लपवणाऱ्या प्राण्याची ही रीत आहे. वारंवार जाण्याने शत्रूला माग लागतो, म्हणून ती जात नाही. पण कुत्र्या-मांजराच्या आया पाहिलेल्या घराला वाटतं, हिने पिल्लं टाकली. मग कुणीतरी पिल्लू तळहातावर घेतं, गायीचं दूध कोमट करतं आणि ड्रॉपरने तोंडात सोडतं. सशाच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गायीच्या दुधाच्या तीनपटीहून जास्त असतात. त्यामुळे ते दूध पुरत नाही. शिवाय पाठीवर धरलेल्या पिल्लाच्या श्वासनळीत ते उतरतं, आणि एक-दोन दिवसांत पिल्लू न्यूमोनियाने जातं. खरं तर पाहायचं असतं फक्त पोट. सकाळी पिल्लाचं पोट गोल आणि ताणलेलं असेल तर आई येऊन गेली आहे. कातडी सुरकुतलेली असेल तर काहीतरी बिघडलं आहे. हे न कळल्यामुळे किती पिल्लं माणसाच्या मायेने मरत असतील, याची नोंद कुणी ठेवत नाही. आणि घाबरलेली, नवखी, सतत डोकावल्या जाणाऱ्या घरट्यातली आई पिल्लं तुडवते, कधी खातेही. तिला दोष देऊन उपयोग नाही. तिला निवांत कोपरा मिळेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता.

जबाबदारी नेमकी कुणाची, हे या अधिकारावरून ठरतं असं मी मानतो. पिल्लू नेणाऱ्याने ते नीट सांभाळायचं हे खरंच. पण ते जन्माला यावं की नाही, हा निर्णय त्याचा नव्हता. सशाचा तर नव्हताच. तो निर्णय एकाच माणसाच्या हातात होता, आणि तो घेताना पिंजऱ्यात एक जाळी मध्ये टाकणं एवढंच त्याला करायचं होतं. ज्याला टाळणं इतकं सोपं होतं त्याच्याकडे परिणामांचं शेवटचं उत्तर जातं. खाण्यासाठी ससे पाळणाऱ्याशी माझे मतभेद असतील, पण त्या प्राण्याचं शेवटी काय होणार हे त्याने आधीच ठरवलेलं असतं आणि तो ते लपवत नाही. हौसेने पिल्लं होऊ देणारा मात्र शेवट ठरवतच नाही, तो दुसऱ्यावर सोपवून मोकळा होतो. कायदाही या मोकळेपणाला फारसा अडवत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम, भूक-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राणी टाकून देणं हा गुन्हा मानतो. पण पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त दहा ते पन्नास रुपये. २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम झाले. दुकानांच्या नियमांत ससा आहे, पैदाशीच्या नियमांत फक्त कुत्रा. ओळखीत पिल्लं वाटणारं घर दोहोंच्या मधल्या फटीतून निसटतं. प्रत्येक घरात निरीक्षक पाठवावा असं मला म्हणायचं नाही. जिथे कायदा पोहोचत नाही तिथे जामीन राहणाऱ्याचा शब्द तरी असावा, एवढीच अपेक्षा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो भल्या माणसांकडून: आम्ही पिल्लं कुणालाही देत नाही, ओळखीच्यांनाच देतो, चांगल्या घरी देतो. चांगलं घर म्हणजे प्रेमळ घर, असा यात अर्थ असतो, आणि सशाच्या बाबतीत प्रेमळपणाने भागत नाही. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर; ते झिजायला दिवसभर वाळलेलं गवत चघळावं लागतं. आहाराचा मोठा भाग गवतच असायला हवा. आपल्या घरांत त्याला मिळतं गाजर, कोबी, पोळीचा तुकडा आणि मुलांच्या हातची बिस्किटं. गाजरात साखर भरपूर. ते अधूनमधून खाऊ म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. शहरात चांगलं वाळकं गवत मिळवणं खटपटीचं आहे, आणि खेड्यात मिळणारा लसूणघास मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने लघवीचे त्रास सुरू होतात. जागेचं पाहू. ब्रिटनमधली 'रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड' ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी, कायम खुली असणारी जागा सुचवते. ती ६५ चौरस फूट होते. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीचा निम्म्याहून अधिक भाग. एवढी जागा देणं शक्य नसलेल्या घराला मी वाईट म्हणणार नाही, पण सशासाठी ते चांगलं घरही म्हणता येणार नाही. आणि ससा आजारी पडला की ओळखीचा उपयोग संपतो. त्याला ओकता येत नाही. त्याची आतडी थांबली तर अर्ध्या दिवसात जिवावर बेतू शकतं. शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या स्वभावाप्रमाणे तो दुखणं लपवतो, म्हणून लेंड्या कमी झाल्या, लहान झाल्या, हे रोज पाहणारा माणूस घरात लागतो. माणसांना सर्रास दिलं जाणारं अमोक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही मरू शकतो. मुंबई-पुण्यात सशांवर उपचार करणारे पशुवैद्य सापडतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला डॉक्टर गायी-म्हशी, शेळ्या यांत निष्णात असतो, आणि त्याच्यासमोर वर्षाकाठी ससे येतात तरी किती?

उन्हाचा विचार तर आपल्याकडे सर्वांत आधी करायला हवा आणि तोच होत नाही. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या आणि दक्षिण फ्रान्सच्या रानसशाचा वंशज. त्याला नीट घाम येत नाही. शरीराची उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. हवा तिशीच्या वर गेली की त्याला त्रास होऊ लागतो आणि पस्तिशीच्या पुढे उष्माघाताची भीती असते. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि जळगाव-अकोलाही फार मागे नसतात. भारत सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेची सशांवर काम करणारी केंद्रं कुठे आहेत पाहा: एक हिमाचलात कुल्लूजवळ गडसा इथे, दुसरं तमिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूर इथे. ज्यांना सशांतून उत्पादन काढायचं आहे त्यांनीही थंड हवेची ठिकाणं निवडली. आपण मात्र लांब लोकरीची अंगोरा म्हणून विकली जाणारी पिल्लं पत्र्याच्या छपराखाली जाळीत ठेवतो. ज्याच्या घरात कूलर आहे, दुपारी माणूस आहे, फरशी ओली ठेवता येते, तो स्वतःचे दोन ससे उन्हाळ्यातून पार नेईल. पण त्याने वाटलेली सहा पिल्लं ज्या सहा घरांत गेली तिथली दुपार त्याच्या ताब्यात नाही, आणि तरी त्या दुपारसाठी तो जामीन आहे.

पिल्लू नेणाऱ्या घरातही जेव्हा कंटाळा येतो, तेव्हा उपाय म्हणून एक समजूत पुढे येते: टेकडीवर सोडून देऊ, मोकळा होईल बिचारा. पुण्या-मुंबईच्या टेकड्यांवर, बागांत, देवस्थानांच्या आवारात ससे सोडले जातात ते या समजुतीने. आपल्या रानात दिसणारा ससा आणि पिंजऱ्यातला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि लवकरच पळू लागतात. त्याचा रंग वाळल्या गवतात मिसळतो, आणि वन्यजीव अधिनियमाने त्याला संरक्षण दिलेलं आहे. पाळीव ससा पिढ्यान्‌पिढ्या माणसाने वाढवलेला, बहुधा पांढरा, लाल डोळ्यांचा. मुरमाड उतारावर त्याला बीळ खणता येत नाही आणि कुत्र्याला पाहून कुठे पळावं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मुंगूस, घार, भटकी कुत्री यांच्या तावडीतून तो फार दिवस निभावत नाही. उलटही घडू शकतं, हे ऑस्ट्रेलियाने पाहिलं आहे. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन याने व्हिक्टोरिया प्रांतात शिकारीसाठी इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे आणवले, आणि त्या खंडाचं गवत, शेती आणि स्थानिक प्राणी अजून त्याची किंमत मोजत आहेत. क्वीन्सलँड राज्यात आजही घरी ससा पाळायला बंदी आहे. महाराष्ट्रात सशांचा तसा सुळसुळाट झालेला नाही. इथे सोडलेल्या सशाची शोकांतिका त्याच्यापुरतीच राहते, म्हणून ती कुणाला दिसत नाही.

हौशी पैदाशीत अलीकडे आणखी एक भर पडली आहे ती 'ड्वार्फ', 'मिनी' आणि लोंबत्या कानांच्या पिल्लांच्या मागणीची. इथे तर परिणाम अंधारातही नसतात. ठेंगणेपणाच्या जनुकाची एक प्रत पिल्लात आली तर ते लहान, गोल चेहऱ्याचं, सगळ्यांना आवडणारं होतं. दोन्ही प्रती आल्या तर ते जन्मतःच खुरटलेलं असतं आणि थोड्याच दिवसांत मरतं. दोन खरे ठेंगणे ससे एकत्र आणले तर सरासरीने दर चार पिल्लांमागे एक असं मरायलाच जन्माला येतं. इंग्लिश स्पॉट जातीच्या ठिपक्यांचंही असंच: ठिपक्यांच्या जनुकाच्या दोन प्रती मिळालेल्या, जवळजवळ पूर्ण पांढऱ्या सशाचं मोठं आतडं नीट चालत नाही. गोल, आखूड चेहऱ्याच्या जबड्यात दात एकमेकांवर बसत नाहीत, मग ते वाढून गालात नाहीतर ओठात घुसतात आणि दर काही आठवड्यांनी कापावे लागतात. लोंबत्या कानांत मळ साचतो आणि जंतुसंसर्ग होतो. अपघाताने झालेल्या वेतात एखाद्याला अज्ञानाची सबब देता येईल. रूपासाठी जोड्या जुळवणाऱ्याला ती देता येत नाही. चौथ्या पिल्लाचं मरण त्याने जोडी ठरवतानाच पत्करलेलं असतं.

'एकदा तरी तिला पिल्लं होऊ द्यावीत' असं वडीलधारी माणसं सांगतात, आणि त्यामागे क्रूरपणा नसतो. आईपण हा मादीचा हक्क आहे, तो हिरावून घेणं पाप आहे, अशी ती भावना आहे. तिचा मान ठेवूनही मला वाटतं, ती आपली भावना आहे, सशाची नाही. दिवसातून पाच मिनिटं पाजणारी आणि दीड-दोन महिन्यांनी दूध तुटल्यावर पिल्लांकडे ढुंकूनही न पाहणारी आई त्या आठवणीत रमत असेल, याला आधार सापडत नाही. एकदा व्याली की गर्भाशयाचे आजार टळतात, असंही सांगितलं जातं. तसं नाही. काही जातींत चार वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग झालेला आढळला आहे, आणि मादी व्यालेली होती की नव्हती याने त्यात फरक पडत नाही. तो टळतो गर्भाशय काढल्याने. नसबंदी निसर्गाविरुद्ध आहे, या आक्षेपाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: पिंजराही निसर्गाविरुद्ध आहे. बिळांच्या वस्तीत पिल्लांची संख्या कोल्हा, ससाणा आणि दुष्काळ आवरतात. ती आवरणारं सारं आपण काढून घेतलं आणि वाढ तेवढी ठेवली, तर आवरण्याचं काम आपल्यावर येतं. मुलांना जन्माचं नवल दिसावं म्हणून एखादं वेत होऊ द्यावं, या म्हणण्याला मी जास्त वजन देतो, कारण शहरातल्या मुलाला असं काही पाहायला मिळत नाही हे खरं आहे. पण मूल केवळ जन्म पाहत नाही. दोन महिन्यांनी खोक्यात भरून गेलेली पिल्लंही ते पाहतं, आणि नकोसा झालेला जीव असाच कुणाला तरी देऊन टाकायचा असतो हेही शिकतं. ज्या घरात नराची शस्त्रक्रिया का केली हे मुलाला समजावून सांगितलं जातं, तिथे त्याला जीवशास्त्राचा अधिक मोठा पाठ मिळतो, असं माझं मत आहे.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. घरच्यांनी पैदास थांबवली तर ससे मिळणार कुठून? मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांत दाटीवाटीच्या जाळ्यांत बसलेली पिल्लं येतात ती घरांहून वाईट जागांतून. मग प्रेमाने, स्वच्छ ठेवून, पुरेसं दूध पाजून वाढवलेलं घरगुती पिल्लू बरं नाही का? ते बरं आहे, यात शंका नाही. जो माणूस मादीला दोन वेतांमध्ये पुरेशी विश्रांती देतो, दात आणि वंश पाहून जोडी ठरवतो, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाही, नेणाऱ्याचं घर पाहतो आणि जमलं नाही तर परत आणा असं लिहून देतो, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तो जामीनकी पूर्ण निभावतो. पण असा माणूस वर्षाला एखादंच वेत घेऊ शकतो, कारण परत येणाऱ्यांसाठी त्याला जागा मोकळी ठेवावी लागते. बाजाराची मागणी त्याने भागणार नाही, आणि भागावी असंही मला वाटत नाही. शिवाय हौसेने फुकट वाटलेल्या पिल्लांमुळे दुकानांची विक्री घटते, हा समज तपासून पाहायला हवा. फुकट मिळालेल्या एका सशाला सोबत हवी म्हणून दुसरा दुकानातून आणला जातो, आणि दुकानात 'मादी' म्हणून मिळालेला नर निघाला की पुन्हा तेच चक्र. टाकून दिलेले, सोडवलेले ससे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या माणसांकडे आणि संस्थांकडे घरांची वाट पाहत असतात, तोवर नवं वेत मुद्दाम जन्माला घालण्याचं समर्थन मला करता येत नाही. हे जाचक आहे, आणि ज्याला एका विशिष्ट जातीचाच ससा हवा आहे त्याला ते पटणार नाही. त्याची हौस आणि एका मोठ्या सशाचं उरलेलं आयुष्य यांत मला दुसरी बाजू जड वाटते.

एक अडचण मात्र मी सोडवू शकत नाही, ती मांडायलाच हवी. ससा समूहात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवला तर तो कोमेजतो. दोन नर वयात आले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात, दोन माद्याही कधी कधी. सगळ्यांत शांत जोडी नर-मादीची, आणि तीच शस्त्रक्रियेशिवाय ठेवता येत नाही. सशाला भूल देणं नाजूक काम आहे. ते येणारा पशुवैद्य जिथे आसपास नाही, त्या गावात एकटा ससा ठेवणं वाईट आणि जोडी ठेवणं त्याहून वाईट. अशा ठिकाणी ससा पाळूच नये, या उत्तराने हौशी माणसाचा हिरमोड होईल. गावात शेळ्या-कोंबड्यांचा अनुभव असतो, मुलांना प्राणी हवा असतो, त्यात ससाच हवा असा काही नियम नाही. आणि शस्त्रक्रिया होऊ शकत असेल तर ती आधी नराची करावी. ती सोपी, कमी जोखमीची आणि कमी खर्चाची असते. मादीची शस्त्रक्रिया कर्करोगापासून वाचवते, पण पिल्लं थांबवायला नराची पुरते.

ज्यांच्या घरी वेत झालंच आहे त्यांना हे सारं उशिरा सांगितल्यासारखं वाटेल, पण त्यांच्याही हातात पुष्कळ आहे. नर त्याच दिवशी वेगळा करायचा, दुसऱ्या दिवशी नाही. घरट्यात दिवसातून एकदाच, आई जेवत असताना, पोटं गोल आहेत ना आणि कुणी थंड पडलं नाही ना एवढं पाहायचं. आईला गवत आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त द्यायचं. दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडतील, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बाहेर येऊन गवत चघळू लागतील. दहा-बारा आठवडे झाले की पशुवैद्याकडून नर-मादी तपासून घ्यायची आणि त्याच दिवशी वेगवेगळी ठेवायची. ज्यांना नीट घर सापडलं नाही ती ठेवून घ्यायची, आणि जी गेली त्यांच्या मालकांचे फोन नंबर जपून ठेवायचे, दर उन्हाळ्यात एकदा विचारपूस करायची. नराची शस्त्रक्रिया झाली तरी चार ते सहा आठवडे त्याच्यात वीर्य शिल्लक असतं, तोवर त्याला मादीपासून जाळीपलीकडेच ठेवायचं. जाळीतून ते एकमेकांचा वास घेऊ शकतात, एकमेकांशेजारी झोपू शकतात, आणि सहा आठवड्यांनी जाळी काढता येते.